शिवेवरचा भाकरतुकडा

माझी नात कॉम्प्युटरवर खेळ बनवते. खेळते नाही, बनवते. हे मला समजायला सहा महिने लागले आणि माझ्या मुलाला अजून समजलेलं नाही. बंगलोरची चांगली नोकरी तिनं लांबणीवर टाकली आणि सिटी सेंटरच्या आमच्या फ्लॅटमधली मागची खोली धरून बसली. इंदरगंजहून तिची एक मैत्रीण रोज यायची, ती चित्रं काढायची. बाकी कुणी नाही. मुलानं सांगितलं, दसऱ्यापर्यंत वेळ देतो. खेळ पुरा झाला तर इथं राहा आणि कर तुझ्या मनाचं. नाही झाला तर सामान बांध. नातीनं कबूल केलं. आमच्या घरात शब्द दिला की दिला, मग त्यात अक्कल असो नसो.

पुरा झाला हे कसं ओळखायचं तेही तिनंच ठरवलं. ज्यानं जन्मात असला खेळ खेळला नाही असा माणूस, कुणी काही न सांगता, शेवटपर्यंत पोचला पाहिजे. असा माणूस घरात एकच होता. मी चौथी पास. मोतीबिंदू काढलेला, उजवा अंगठा आखडलेला. अनंत चतुर्दशीला गणपती गेले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून मी त्या खोलीत बसले. पितृपक्ष लागतोय, नवीन काही सुरू करू नये असं सून म्हणाली. मी म्हटलं, मी काय लग्न करतेय का.

खेळ असा होता. एक बोटाएवढी बाई, पांढरा पोशाख, डोक्यावर काचेचा हंडा. तिचं यान एका परक्या ग्रहावर पडून मोडलं आहे.

मी विचारलं, "कुठला ग्रह?"

"नाव नाही आजी त्याला."

"माझ्या पत्रिकेतला नसला म्हणजे झालं."

तिथं आधी कुणी माणसं येऊन राहून निघून गेली होती. त्यांचं एक यान पार दुसऱ्या टोकाला उभं आहे, तिथवर त्या बाईला न्यायचं. पडद्याच्या डाव्या कडेनं शिरायचं, उजव्या कडेनं बाहेर पडायचं, की पुढचा मुलूख. पाटणकर बाजारातून चालल्यासारखं. फक्त इथं बाजाराला तुम्ही नको असता.

त्या ग्रहावर कुणालाच आपण नको होतो. गवत जवळ गेलं की आडवं पडायचं आणि पाठ फिरली की उभं राहायचं. पांढरी भुकटी पावसासारखी पडायची आणि पोशाखाला भोकं पाडायची. जमीन झोपलेल्या जनावराच्या पोटासारखी वरखाली व्हायची. ती वर आली असताना पाऊल टाकलं की संपलं. पहिल्या सकाळी मी इतक्या वेळा मेले की मोजणं सोडून दिलं. मेलं की मागच्या कडेपासून पुन्हा. नातीला बोलायला बंदी होती, पण मागून उसासे ऐकू यायचे. एकदा मैत्रीण म्हणाली, "आजी तो पक्की फौजी है, मरती है और उठ जाती है." नातीनं तिला कोपर मारलं.

दोन आठवड्यांत माझा हात बसला. आणि हात बसला म्हणजे हाताच्या सवयीही आल्या.

त्या बाईच्या पाठीवर खाण्याची पाकिटं असायची. खाल्लं की जीव भरायचा. एक बटण दाबलं की पाकीट खाली पडायचं, ओझं हलकं करण्यासाठी. मी दर वेळी मुलूख बदलायच्या आधी, पडद्याच्या कडेला, एक पाकीट टाकत होते. विचार करून नाही. आई जशी शीव ओलांडताना भाकरतुकडा टाकायची तसं. आमचे लोक दख्खनेतून पलटणीबरोबर इकडे उत्तरेत आले, घोडे गेले, तलवारी गेल्या, हे राहिलं. परक्या हद्दीत शिरताना तुकडा उतरून टाकायचा आणि मागं बघायचं नाही. हद्दीवर जे असेल त्याला त्याचा वाटा मिळाला की ते मागं लागत नाही, असं म्हणतात. म्हणून मी त्या बाईला डावीकडे कधी वळवलीच नाही.

तिसऱ्या की चौथ्या मुलखापासून आवाज यायला लागला. काहीतरी चावल्याचा. आधी अगदी बारीक, मला वाटलं मशीनच करकरतंय. पुढच्या मुलखात जास्त. मी पाकीट टाकायचे, पुढे जायचे, आणि थोड्या वेळानं मागून ते चावणं सुरू व्हायचं. चावून झालं की शांत. मग पावलं. मला भीती वाटली, आणि भीती वाटली म्हणून मी पुढच्या कडेला दोन पाकिटं टाकली.

नात उसासे टाकायची थांबली होती. दोघी माझ्या मागे एकदम गप्प बसायच्या. ते तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं.

दसऱ्याला चार दिवस राहिले असताना मी त्या टोकाच्या यानापाशी पोचले. उंच, गंजलेलं, दार उघडं. शिडी मात्र डाव्या बाजूला. शिडी धरायची तर बाईला वळवणं भाग होतं. मी वळवली.

ते समोर होतं. पडद्याच्या निम्म्या उंचीचं, बरगड्या दिसणारं, तोंड उघडं. तोंडात माझं शेवटचं पाकीट. बाईनं हात वर केला, त्यानं मान पुढे केली आणि तिथंच सगळं थांबलं. मी सगळी बटणं दाबली. बाई हलेना, ते हलेना. चावण्याचा आवाज तेवढा चालू राहिला, एकच घास, पुन्हा पुन्हा.

"मेले का?" मी विचारलं.

"नाही," नात म्हणाली. "आजी, हा इथं यायलाच नको होता. पहिल्या मुलखातला आहे हा. तो खाण्याच्या मागे जातो, एवढंच त्याला शिकवलं होतं मी. पाकीट असं वाटेत कोण टाकणार? त्याला इतका लांब कुणी आणलाच नव्हता." मग ती म्हणाली, "तू का टाकत होतीस गं?"

तेव्हा मी तिला पोटरी दाखवली. ती खूण तिनं लहानपणापासून बघितली होती, कशाची ते कधी विचारलं नव्हतं आणि मीही सांगितलं नव्हतं.

मी दहा वर्षांची होते. माझे वडील दरबारच्या पलटणीत शिपाई होते. संस्थान विलीन झालं, पलटणी मोडल्या, तेव्हा त्यांना सचिवालयात दफ्तरी म्हणून लावलं. फायलींचे बस्ते बांधायचे आणि फडताळात लावायचे. बंदूक धरणाऱ्या माणसाला सुतळी दिली. त्यांनी तक्रार केली नाही, बस्तेही पलटणीसारखे रांगेत लावले. मग नवं राज्य झालं आणि राजधानी भोपाळला गेली. हिवाळ्यापुरती का होईना, ती आमच्याकडे असायची, तीही गेली. पुढच्या उन्हाळ्यात टेबलं, फडताळं, बस्ते, बाबू, सगळं गाडीत भरलं आणि वडीलही गेले. स्टेशनवर आईनं त्यांच्यावरून भाकरतुकडा ओवाळून रुळावर टाकला.

दोन महिन्यांनी पत्र आलं. पलटणीतून सुटल्याचा कागद नव्या साहेबानं मागितला होता. तो नसेल तर जुनी नोकरी धरणार नाहीत, घरी पाठवतील. कागद इथल्याच दफ्तरात, अगदी शेवटच्या खोलीत, खिडकीच्या कोनाड्यात राहिला होता. आई बाळंतीण होती, आठवडाही झाला नव्हता. मला पाठवलं. पदराला नाही, फ्रॉकच्या खिशात तिनं भाकरी कोंबली आणि म्हणाली, दर उंबऱ्याला तुकडा टाक, मागं बघू नकोस.

दफ्तर जुन्या महालात होतं. चौकीदारानं आत सोडलं आणि तो बाहेर सावलीत जाऊन बसला. खोलीतून खोली, खोलीतून खोली, मध्ये दारं, सगळी उघडी. सामान नेलं तिथं भिंतीवर फडताळांच्या आकाराचे पांढरे डाग. जमिनीवर सुतळीचे तुकडे. माणसं जाऊन दोनच महिने झाले होते, पण त्या खोल्यांना माणसाची सवय मोडली होती. पहिल्या उंबऱ्याला तुकडा टाकला. दुसऱ्या उंबऱ्याला टाकला. तिसऱ्यानंतर मागून चावल्याचा आवाज आला. मी मागं पाहिलं नाही. सांगितलंच होतं तसं. सात उंबरे, सात तुकडे. कोनाड्यात कागद सापडला. तो छातीशी धरून मी वळले तेव्हा दारात कुत्रं उभं होतं. मोठं. बरगड्या मोजता येतील असं. माझा खिसा रिकामा होता आणि ते खिशाकडेच बघत होतं.

चौकीदार लाठी घेऊन धावत आला तोवर पोटरी फाटली होती. तो बिचारा सारखं म्हणत होता, "ये काटता नहीं था बेटी. सब बाबू लोग अपने डिब्बे से खिलाते थे इसको."

पोटात चौदा इंजेक्शनं घेतली. ती संपेपर्यंत शाळा सुरू होऊन गेली होती आणि घरात बाळ होतं, तेव्हा पाचवीत माझं नाव घातलंच नाही. आई म्हणाली, एखादा उंबरा चुकली असशील. मी चुकले नव्हते. कागद भोपाळला पोचला, वडिलांची नोकरी राहिली आणि नोकरी राहिली म्हणून ते तिथंच राहिले. दिवाळीला यायचे, पाहुण्यासारखे. कायमचे आले ते निवृत्त होऊन, आणि तेव्हा त्यांना आमच्या गल्लीचा रस्ता विचारावा लागला.

एवढं सांगून मी नातीला म्हटलं, ते बटण काढून टाक. पाकीट पडलंच नाही तर ते मागं येणार नाही. किती वेळ लागेल?

"पाच मिनिटं," मैत्रीण म्हणाली.

"मग कर. मी पुन्हा खेळते. उद्या पोचते. तुझ्या बापाला सांगायचं, आजी पोचली."

"तू टाकलंस ना पण," नात म्हणाली.

"ते त्याला कशाला सांगायचं?"

"त्यांना नाही गं. मला माहीत आहे ना."

माझ्या वडिलांचा हट्ट दोन पिढ्या उडी मारून तिच्यात उतरला आहे. मी त्यावर वेळ घालवला नाही. तिनं बटण काढलं नाही. उलट बसून सगळा शेवट नव्यानं लिहायला घेतला. आधीची माणसं त्या जनावराला आपल्या ताटातलं घालायची आणि एक दिवस त्याला तिथंच टाकून गेली, असं आता खेळात आहे. त्यांच्या घरांत भिंतींवर पांढरे डागही आहेत. मैत्रिणीनं ते काढून मला दाखवले आणि विचारलं, असेच होते का. मी म्हटलं, थोडे वर होते. तिनं वर सरकवले.

चावण्याचा आवाज कुठून आणला ते मी विचारलं. नात हसली, बऱ्याच दिवसांनी. म्हणाली, तुझाच आहे. चहाबरोबर टोस्ट खात होतीस तेव्हा फोन शेजारी ठेवला होता. तू खाताना फार आवाज करतेस.

दसरा आला. खेळ अर्धा उघडलेल्या घड्याळासारखा पडला होता. मुलानं आपट्याची पानं हातावर ठेवली आणि काही विचारलं नाही. नातीनं स्वतःच सांगितलं, नाही झाला. त्याला म्हणता आलं असतं, घे अजून महिनाभर. मी त्याच्याकडे बघत होते. तो तसं म्हणाला नाही. आणि तिनं मागितलाही नाही. खेळ ती तिकडे सुट्टीच्या दिवशी करील म्हणे. माझे वडीलही सुट्टीत येईन म्हणाले होते.

मी पाकिटं टाकली नसती तर ती आज मागच्या खोलीत असती. हे मी कबुली म्हणून लिहीत नाही आणि रडगाणं म्हणूनही नाही. तसं झालं.

ती गेली त्या दिवशी दुपारची गाडी होती. सुनेनं सकाळीच भाकरी करून एक तुकडा माझ्या हातात दिला, म्हणाली, आई, तुम्ही ओवाळा, घरातल्या मोठ्या तुम्ही. मी तो रुमालात बांधून स्टेशनवर नेला. नात डब्याच्या दारात उभी राहिली. माझ्या रुमालाकडे बघितलं तिनं, मग माझ्याकडे. मी गाठ सोडली नाही. गाडी हलली. सून माझ्याकडे बघत राहिली, तिला वाटलं मी विसरले.

मुलगा आणि सून बाहेर उभी केलेली आमची गाडी काढायला पुढे गेले. मी बाकावर बसले. टाकायचा नाही तर त्याचं करायचं काय, म्हणून रुमाल सोडून तो तुकडा खायला लागले. वाळून कडक झाला होता. फलाटाच्या कडेनं एक कुत्रं आलं आणि समोर बसलं. त्याला दिला नाही. त्याच्याकडे तोंड करूनच बसले. ते माझ्या हाताकडे बघत होतं आणि मी चावत होते, आणि तो आवाज माझ्या कानात, अगदी त्या खेळात यायचा तसाच, येत होता.