बाळाच्या गोधडीत हरवलेली सुई

बायांनो, आज दुपारीच घडलेलं सांगते. लेक पहिल्या बाळंतपणाला राजूरला आलीय, तिच्या बाळासाठी मी गोधडी शिवून राह्यले. माझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. निजाम सरकारच्या आगगाडीनं हैदराबादला जाऊन डोळे दाखवणं अजून जमलं न्हाई. सून सकाळीच सुयांमध्ये दोरा ओवून देते, मंग मी अंगठ्यानं मागचा टाका चाचपत पुढचा घालते.

आज दोरा निसटला अन् सुई गोधडीतच राहिली. सून घाबरली.

"आत्याबाई, बाळाला टोचली म्हंजे? राहू द्या आता. जालन्याहून तयार दुपटं आणू."

"सुई सापडल्याबिगर मी उठायची न्हाई," मी म्हणले.

ओसरीवर गोधडी पसरली. डोळे मिटून एकेक ओळ बोटांनी दाबत गेले. कुठं गाठ लागायची, कुठं जाड शिवण. शेवटी काठाजवळ टोक बोटात घुसलं. रक्त आलं, पण मला हसूच फुटलं.

सुनेनं सुई काढली, दोरा ओवला अन् माझ्या हातात दिली. आता दोरा लालच घेणार, तेवढा रंग मला बराबर दिसतो.

तुमची नजर गेली म्हणून कुणी तुमच्या हातातलं काम काढून घ्यायला लागलं, तर तुम्ही देता का गं?