सखा कराळेच्या जर्सीचे रफू

सोमवार, १५ डिसेंबर. सकाळचे सात वाजून चाळीस मिनिटे झाली होती आणि पांडुरंग रोकडे कमरेपर्यंत काचेच्या कपाटात वाकून डांबराच्या जुन्या गोळ्या काढून नव्या ठेवत होता. पोशीरच्या बंद पडलेल्या भातगिरणीच्या दोन खोल्यांत हे युद्धस्मृतींचे दालन आहे. १९७१च्या युद्धाला पन्नास वर्षे झाली त्या साली कर्जत आणि खालापूर तालुक्यांतल्या माजी सैनिकांनी ते उभे केले. पुढच्या खोलीत फोटो आहेत, मागच्या खोलीत वस्तू. बूट, पाण्याच्या बाटल्या, जेवणाची भांडी, पोस्टकार्डे, एक दाढीचे सामान, दोन हेल्मेट. तोफ नाही, रणगाडा नाही. जे घराघरांतल्या ट्रंकांत निघाले ते इथे आले. दमट हवेच्या दिवसांत भिंतींना अजून कोंड्याचा वास येतो.

पांडुरंगाला गावात पांडू म्हणतात. वय चौऱ्याहत्तर. दालन उघडणे, झाडणे, कपडे उन्हात घालणे आणि येणाऱ्याला माहिती सांगणे ही त्याची कामे. १९६९ साली तो फौजेत गेला तो दर्जी म्हणून. युद्धात काय केलेस, असे शाळेची मुले विचारतात. तो सांगतो, "गोण्या शिवल्या." वाळूच्या गोण्यांची तोंडे शिवत त्याने तो डिसेंबर काढला, सीमेपासून बऱ्याच आत, एका तळावर. मुलांचा उत्साह इथे जरा ओसरतो. मग तो विचारतो, "गोणीचं तोंड सुटलं तर मागं लपलेल्याचं काय होईल?" मुले विचार करतात.

सतरा वर्षांनी नाईक होऊन तो परतला आणि दहिवलीत दुकान टाकले. पुढची तीस वर्षे त्या भागातल्या शाळांचे गणवेश आणि पोलिसांच्या खाकी पँटी त्याच्या मशिनीखालून गेल्या. मग डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, सुईत दोरा जाईना, तेव्हा दुकान बंद करून तो पोशीरला आला. मोतीबिंदू काढायला त्याने फार उशीर केला. बायको जानकीबाई मागे लागली, तेव्हा कुठे गेल्या महिन्यात दोन्ही डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली. घरी आल्यावर त्याने पहिली गोष्ट केली ती म्हणजे जानकीबाईंच्या पदराची शिवण तपासली. "ही कुनी शिवली?" त्याने विचारले. "तुमीच," त्या म्हणाल्या.

आठला पाच कमी असताना सुभेदार योगेंद्र भोईर आले. हे दालनाचे सचिव, वय सत्तावन्न. एकाहत्तरच्या युद्धात ते तीन वर्षांचे होते आणि ही उणीव ते शिस्तीने भरून काढतात. उद्या सोळा डिसेंबर, विजय दिवस. आदल्या दिवशी नोंदवही घेऊन एकेक वस्तू ताडून पाहायची हा त्यांचा नेम. ते वाचत, पांडू वस्तूवर बोट ठेवी.

"सतरा. जर्सी, हिरवी, लोकरीची. शिपाई सखाराम कराळे, पोशीर."

"हाय."

"डाव्या बाहीवर छऱ्याचं भोक."

पांडूने बोट उचलले. "जर्सी हाय. भोक नाय."

"नाय म्हणजे?"

"बुजलं."

"आपोआप?"

"मी बुजवलं."

सुभेदारांनी नोंदवही मिटली आणि चष्मा वर केला. जर्सी गेले अकरा दिवस डावी बाही मागे करून टांगलेली होती. त्यांनी ती बाहेर काढून खिडकीशी नेली. बाही उलटसुलट केली. भोक कुठे होते तेच कळेना.

"मास्टर," ते हळू आवाजात म्हणाले, "दालनात बघण्यासारखी एक वस्तू होती. ते भोक."

झाले होते ते असे. चार तारखेला पांडूने कपडे उन्हात घातले. नव्या डोळ्यांना दिसले की भोकाच्या कडेची वीण सुटत चालली आहे. कड तेवढी बांधून घ्यावी म्हणून तो सुई घेऊन बसला. जर्सीच्याच तळच्या पट्टीतून आतल्या बाजूची लोकर उसवून घेतली, म्हणजे रंग जुळेल. आठ वर्षांनी हातात सुई आली होती आणि प्रत्येक टाका दिसत होता. फौजेत किट तपासणीला फाटका कपडा म्हणजे जवानाला शिक्षा आणि दर्ज्याला शिव्या, ही सतरा वर्षांची सवय हातात होती. कड बांधून झाली, पण हात थांबला नाही. चार वाजता त्याने मान वर केली तेव्हा बाही धड होती. मिनिटभर त्याला फार बरे वाटले. मग आपण काय केले ते ध्यानात आले.

"अकरा दिवस बोलला नाय?"

"वहिनीला आधी सांगावं म्हटलं. दोनदा गेलो. पैल्यांदा तिनं दुधी दिला. दुसऱ्यांदा मशिनीचा पट्टा बदलून घेतला."

"आणि?"

"बदलला."

वहिनी म्हणजे विमलबाई, सखा कराळेची बायको. सखा पूर्वेच्या आघाडीवर होता. तोफगोळ्याचा छर्रा त्याची बाही फोडून दंडाला चाटून गेला. युद्धानंतरच्या मे महिन्यात त्यांचे लग्न झाले. पुढे सत्तेचाळीस वर्षे, म्हणजे सखा गेला तोपर्यंत, तो थंडीत हीच जर्सी घालून खळ्यावर बसे आणि तिला कोणाला सुई लावू देत नसे. दर सोळा डिसेंबरला विमलबाई दालनात येतात, कपाट उघडायला लावतात, भोकात दोन बोटे घालतात आणि जमलेल्या मुलांना सांगतात, "ह्यो छर्रा वीतभर आत गेला असता तं आमचं लगीनच झालं नसतं." लोक पुढच्या खोलीतले फोटो भराभर बघून या कार्यक्रमाला येतात.

"उद्या खोपोलीची मंडळी येणार, शाळा येणार," सुभेदार म्हणाले. "काकू बोटं पुढं करणार. कुठं घालायची बोटं? माझ्या डोळ्यांत?" मग त्यांना उपाय सुचला. "कात्री आणा. दोन मिनिटांचं काम."

"कात्रीचं भोक येगळं, छऱ्याचं येगळं. छऱ्याची कड जळते."

"उदबत्तीनं जाळू."

"मग पाटीवर काय लिवाल? सुभेदारांची उदबत्ती?"

सुभेदार हसले नाहीत. वस्तू घेताना त्यांनीच एक कागद तयार केला होता. वस्तू जशी दिली तशी ठेवली जाईल, तसे न झाल्यास देणाऱ्याने ती परत न्यावी. त्या कागदाचा त्यांना अभिमान होता. आता पहिल्यांदाच तो लागू पडत होता.

पांडूने कपाटाची चावी खिशातून काढून टेबलावर ठेवली. "वहिनीनं जर्सी नेली तं ही तुमच्याकडं. वस्तू राखायला ठेवलेल्या मानसानं वस्तू बिघडवली. मग मी काय म्हनून बसू हितं?"

"चला आधी," सुभेदार म्हणाले. "बसायचं नंतर बघू."

जर्सी कापडी पिशवीत घालून दोघे स्कूटरवरून विमलबाईंच्या घरी गेले. त्या अंगणात सुपाने तांदूळ पाखडत होत्या. वय बहात्तर, नजर पांडूच्या नव्या डोळ्यांपेक्षा तिखट.

"काय भावजी, पट्टा पुन्ना तुटंल म्हनून आलात?"

पांडूने पिशवी पुढे केली. "वहिनी, बघा. मग काय बोलायचं ते बोला."

त्यांनी जर्सी मांडीवर पसरली. डावी बाही चाचपली. मग उजवी चाचपली. परत डावीवर आल्या. "दुसऱ्या कुनाची आनली का रं योगेंद्र?"

"काकाचीच हाय, काकू."

त्यांनी बाही उन्हात धरली आणि आतून हात घालून बोटांनी वीण तपासली. एका जागी बोट थांबले. तेवढ्यात एक कोंबडी तांदळावर चाल करून आली आणि सुभेदारांनी तिला हाकलले.

"मी शिवते म्हनाले तं मेला दोन दिस जेवला नव्हता," विमलबाई म्हणाल्या. "आन् तुमी तो गेल्यावर डाव साधलात, भावजी."

"चुकलो."

"चुकलात तं चुकलात. काम ब्येस केलंय. पन माझी बोटं कुटं जायची उद्या?"

"उसवतो," पांडू म्हणाला. "सगळं उसवतो. होतं तेवढं मोकळं करून देतो."

"होतं तेवढं म्हंजे केवढं?"

सुभेदारांनी पाठ असलेली नोंद सांगितली. "तीन इंच."

विमलबाईंनी सूप खाली ठेवले. "छर्रा तीन इंचांचा असता तं दंड राहिला असता का रं? लगीन झालं तवा ही दोन बोटं जायची, मधल्या पेरापर्यंत. पोरं झाली तवा तीन. तुमच्या कपाटात गेल्यापासून चार जातात. मला वाटलं, तुमाला दिसतंय."

चार वर्षे पांडूला ते दिसले नव्हते, आणि सुभेदारांनी माप फक्त लिहून ठेवले होते.

"म्हणजे पाटी चुकीची?" सुभेदार म्हणाले.

"चार वर्सं पोरांना खोटं सांगताय. तू सुभेदार कसा झालास कुनास ठावं." त्या पांडूकडे वळल्या. "सगळं नका उसवू. माझी दोन बोटं जातील येवढंच उसवा. कडेचं राहू द्या, नायतर फुडल्या वर्सी आख्खा हात जाईल."

पांडूने त्यांच्या हाताकडे पाहिले. माप घेणे हा त्याचा धंदा होता आणि इथे त्याला गप्प बसता येईना. "वहिनी, राग मानू नका. ही बोटं एकोणीसशे बाहत्तरची नायत."

सुभेदारांनी आकाशाकडे पाहिले. विमलबाईंनी स्वतःची बोटे डोळ्यांसमोर धरली, उलटी केली, सुलटी केली.

"खरं हाय," त्या म्हणाल्या. "मनाली, भायेर ये गं."

नात मनाली, वय एकोणीस, कर्जतला कॉलेजात जाते. ती मोबाइल घेऊनच बाहेर आली. तिच्या बोटात एक सोन्याची अंगठी होती.

"ही मला लग्नात घातलेली. आता माझ्या पेरावरून जात नाय, हिला बरोब्बर होते," विमलबाई म्हणाल्या. "हिची बोटं धरा मापाला."

"आजी, कसलं माप?"

"तुझ्या आज्याचं. हात दे."

पांडूने टेप काढला. टेप अजून त्याच्या खिशात असतो. मनालीची दोन बोटे मधल्या पेराशी सव्वा इंच भरली. मग ओटीवर बसून त्याने बाहीत एक स्टीलची वाटी उलटी घातली, सुभेदारांना ती दोन्ही हातांनी घट्ट धरायला लावली आणि मधले टाके एकेक करून सोडायला सुरुवात केली.

"हलू नका, सुभेदारसाब."

"मी हलत नाय."

"वाटी हलते मग."

पाऊण तास लागला. सुटलेले टाके पुन्हा पळू नयेत म्हणून त्याने आतून एक फेर घातला. विमलबाईंनी मनालीला पुढे केले. दोन बोटे गेली, मधल्या पेरापर्यंत. मग त्यांनी स्वतःची घालून पाहिली. एकच गेले.

"उद्या हिला घेऊन येते," त्या म्हणाल्या. "मी बोलंन, ती बोटं घालंल."

"माझा पेपर आहे उद्या," मनाली म्हणाली.

"किती वाजता?"

"दोन."

"मग काय. आन् योगेंद्र, पाटीवर सगळं लिव. शिवलं कुनी आन् माप कुनी सांगितलं. मागाहून कुनी म्हनायला नको का कोनाला कळलं नाय."

जर्सी परत नेण्याविषयी त्या काही बोलल्या नाहीत. निघताना पांडूच्या पिशवीत त्यांनी जर्सीवर वर्तमानपत्र ठेवले आणि त्यावर वालाच्या शेंगा.

साडेदहाला दोघे दालनात परतले. सुभेदारांनी जुनी पाटी काढून नवी लिहिली. त्यांचे अक्षर चांगले आहे. *जर्सी, शिपाई सखाराम कराळे, १९७१. डाव्या बाहीवर छऱ्याचे भोक, सव्वा इंच. कडेचे रफू: नाईक (दर्जी) पांडुरंग रोकडे, डिसेंबर २०२५. माप: विमलबाई कराळे.*

पांडूने ती दोनदा वाचली, चष्म्याशिवाय. "नाईक लिवायची काय गरज होती?"

"होतात ना?"

"होतो."

"मग झालं. आणि ती चावी उचला टेबलावरची, मला चहाचा कप ठेवायचाय."

पांडूने चावी उचलली, जर्सी डावी बाही पुढे करून टांगली आणि कपाटाला कुलूप लावले. सुभेदारांनी अठराव्या वस्तूपासून वाचायला सुरुवात केली.

उद्या मंगळवार. दालनाची आठवड्याची सुट्टी मंगळवारी असते. सोळा डिसेंबर असल्यामुळे उद्या ते साडेआठला उघडेल, विमलबाई नऊला बोलतील, आणि मनालीला पेपर गाठायचा असल्याने भोकात बोटे घालण्याचा कार्यक्रम सव्वाअकरापर्यंतच चालेल.