फ्लॉरेन्समधली पेशंट

एरवी माझ्याशी इंग्रजीतच बोलणारी ईरा त्या सकाळी फोनवर "काका, बाबा गेले," असं स्वच्छ मराठीत म्हणाली, आणि मी हातातला कप तसाच धरून उभा राहिलो. प्रभाकर माझा नागपूरच्या मेडिकल कॉलेजपासूनचा दोस्त, पुढे अमेरिकेत, टेक्सासमधल्या शुगर लँडला शेजारी. आयुष्यभर त्याने लोकांच्या त्वचेचे आजार बरे केले, पण स्वतःच्या मनाला लागलेली एक गोष्ट काही त्याला बरी करता येत नव्हती...

एकुलती एक मुलगी मेडिकल स्कूलची ॲडमिशन सोडून जुनी चित्रं दुरुस्त करायला शिकायला फ्लॉरेन्सला गेली, हीच ती गोष्ट. महाराष्ट्र मंडळात कोणी "ईरा काय करते हल्ली?" विचारलं, की हा पठ्ठ्या "युरोपात रिसर्च करते," म्हणून बटाटेवड्यांकडे वळायचा. मला ते मुळीच आवडत नसे. "अरे, पोरीने काय चोरी केलीय का?" असं एकदा सुनावलं, तर आठवडाभर बोलला नाही. हा 'रिसर्च' ईराच्याही कानावर गेला होता, आणि तिचे फोन दिवाळीपुरते उरले होते.

गेल्या वर्षी हार्टच्या दुखण्यातून उठल्यावर म्हणाला, "चल, फ्लॉरेन्सला जाऊ. एकटा गेलो तर भांडून येईन." पहिले दोन दिवस बापलेक पाहुण्यांसारखे बोलत होते. आर्नो नदीवरचे पूल, तो अवाढव्य घुमट, राजवाडे, सगळं पाहून झालं. तिसऱ्या दिवशी ईरा आम्हाला तिच्या कामावर घेऊन गेली. एका लहानशा चर्चच्या भिंतीवर रंगवलेल्या बाईचा काळवंडलेला गाल ती काडीला कापूस गुंडाळून पुसत होती, दिवसाला जेमतेम दोन बोटं जागा. प्रभाकर चष्मा सावरत पुढे सरकला.

"हे पापुद्रे कशाने सुटलेत?"

"मॉइश्चर, बाबा. सॉल्ट्स कम अप फ्रॉम द वॉल."

"मग आधी ओल थांबव. वरवर मलम लावून काय उपयोग?"

"एक्झॅक्टली! दॅट्स व्हॉट आय टोल्ड माय बॉस!"

पुढचा तासभर दोघं त्या गालावर अवघड केससारखी चर्चा करत राहिले, माझ्याकडे कोणी ढुंकूनही पाहिलं नाही. नंतर नदीच्या कठड्याशी उभं राहून तो म्हणाला, "हात बघितलास तिचा? जरासुद्धा थरथरत नाही. मूर्ख होतो मी यार."

"होतासच," मी म्हणालो. मला फार बरं वाटलं होतं.

परतल्यावर मंडळाच्या गणपतीत तो कोणी न विचारताच सांगत सुटला, "माझी मुलगी पाचशे वर्षांचे पेशंट बघते!" लोक कंटाळले, पण हा थांबेना.

तेरावा झाल्यावर मी आणि ईरा त्याची खोली आवरत होतो. टेबलावर शाळकरी वही सापडली. सत्तरी उलटल्यावर, मला पत्ताही लागू न देता, गडी इटालियन शिकत होता! उच्चार देवनागरीत, समोर मराठी अर्थ. पुन्हा जायचं होतं त्याला, तिच्या बॉसला भेटायला. शेवटच्या पानावर एकच वाक्य दहा-बारा वेळा गिरवलेलं होतं: "इओ सोनो इल पाद्रे दि ईरा." ईराने वही माझ्यापुढे धरली. समोर त्या डॉक्टरी अक्षरात अर्थ होता... मी ईराचा बाबा.