वाडीची गाडी

नीराबाईच्या तोंडाला लागू नये, हे दांडेवाडीत पोरासोरांनाही ठाऊक आहे. तिचा अर्धा जन्म मुरुडच्या मासळी बाजारात गेला. जिथे गिऱ्हाईक बांगड्याच्या भावात सुरमई मागतं आणि वर कल्ले उचकून नाक मुरडतं, तिथे गोड बोलणारी बाई भरली पाटी घेऊनच घरी येते. नीराबाई कधी तशी आली नाही. वाडीत लग्न असो, भांडण असो की बोटीची पूजा, तिचं मत कुणाला विचारावं लागत नसे. ते आधीच ऐकू आलेलं असे.

तिला गप्प करू शकणारी बाई एकच, ठमी. दोघी एकाच वर्षी वाडीत सुना म्हणून आल्या आणि बाजारात शेजारीशेजारी बसल्या. ठमी डावीकडे, नीराबाई उजवीकडे. नीराबाईने भाव सांगायचा, गिऱ्हाईकाने तो पाडायचा, की ठमी कपाळावर हात मारून कळवळायची, "अगो, एवढ्यात देतेस? पोरांच्या तोंडचा घास काढतेस!" गिऱ्हाईकाला वाटायचं आपण जिंकलो. ते वळलं की दोघी पदर तोंडाला लावून हसायच्या. असं किती वर्षं चाललं, त्याचा हिशेब दोघींनीही ठेवला नव्हता.

मग ठमीला साखर झाली. पायाला कालवाची शिंप कापल्याचं निमित्त झालं, जखम भरेना, आणि अलिबागला नेऊन डावा पाय गुडघ्याखालून काढावा लागला. एका शिबिरात तिला चाकाची खुर्ची मिळाली. पण खुर्ची घेऊन जायचं कुठे? एसटी जाते वरच्या फाट्यावरून. वाडीचा रस्ता इतका अरुंद आणि चढाचा की मोठी गाडी खाली आली तर वळायची कशी, हा प्रश्न. चांगल्या धडधाकट बायका डोक्यावर पाटी घेऊन तो चढ चढताना देवाचं नाव घेत. ठमी ओटीवर बसली ती बसलीच.

बाजारातल्या बायकांचा आपसांतला एक नियम आहे. एका नारळी पुनवेपासून दुसऱ्या पुनवेपर्यंत बाई आपल्या जागेवर बसली नाही, तर ती जागा दुसरीला जाते. नीराबाईने तो नियम जुमानला नाही. ठमीच्या जागेवर रोज सकाळी ती स्वतःच्या हाताने गोणपाट अंथरायची, त्यावर ठमीचा पाट ठेवायची आणि ठमीच्या नावाचा एक वाटा मांडायची. कोळंबी असो की मांदेली, तो वाटा विकला की पैसे संध्याकाळी ठमीच्या हातावर. पुनव आली तेव्हा बायका कुरकुरल्या. नीराबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "वाडीची गाडी येते हाय. ठमी तिच्यातनं येल. पुढच्या पुनवेपत्तर कुणी नाव काढायचं न्हाय." कुणी काढलं नाही.

आणि गाडी खरंच आली. मच्छीमारांची सोसायटी आणि बायकांचा बचत गट यांनी मिळून एक छोटी गाडी घेतली. ती कुणी चालवायची, किती वाजता सोडायची, कुठे थांबवायची, सगळं वाडीने ठरवायचं. भरती-ओहोटी बघून, होड्या कधी लागतात ते बघून. पंचायतीत निवडून आलेली क्रांती एका गोष्टीवर अडून बसली होती. गाडीला मागे रुंद दार हवं, जमिनीला टेकणारी लोखंडी फळी हवी, आणि आत एक खुर्ची उभी राहील एवढी मोकळी जागा हवी. "ठमीमावशी जाऊ शकली तरच ती वाडीची गाडी," असं ती म्हणाली. तेव्हा सगळ्यात मोठ्याने "व्हय" म्हणाली ती नीराबाई.

दिवाळीत गाडीला हार घातला, नारळ फोडला. दुसऱ्या दिवशी नीराबाई ठमीच्या ओटीवर हजर. "चल गो, म्हाराणी. तुझा रथ आला."

"येन गो," ठमी म्हणाली. "पायाला जरा बरं वाटू दे."

त्या आठवड्यात तेच उत्तर, पुढच्याही आठवड्यात तेच. नीराबाईला वाटलं, बाईचं मन खचलं. बसून बसून माणसाची उमेद जाते, तसं झालं. मग तिने विचारणंच सोडलं. तिथे एक शब्द जास्त विचारला असता तर पुढचं काही घडलं नसतं, असं आज तिला वाटतं. पण तेव्हा हंगाम तेजीत होता, बोंबलाचे ढीग लागत होते, आणि थांबून विचारायला सवड कुणाला होती?

गाडीत मात्र रोज रामायण. पाट्या मांडीवर, पाट्या पायात, एकीच्या पाटीचं पाणी दुसरीच्या लुगड्यावर. आणि मागे ती मोकळी जागा, झाडून पुसून रिकामी. बायका तिच्याकडे बघायच्या आणि मग नीराबाईकडे बघायच्या. गाडीवर विपुल होता, आधी पर्यटकांच्या रिक्षा चालवणारा. तोही म्हणाला, "मावशी, ती फळी नुसती खडखडते. एक दिवस कुणाच्या डोक्यात पडंल."

पौष सरता सरता बैठक भरली. वाडीची बैठक देवळाच्या सभामंडपात भरते. देऊळ उंचावर, पायऱ्या खड्या. ज्या गाडीने ठमीला जगात न्यायचं, तिचा निकाल ठमी चढू शकत नाही अशा जागी लागत होता, आणि तिथे बसलेल्या एकालाही ते खटकलं नाही. नीराबाईलाही नाही.

बैठकीची रीत जुनी आहे. बोलणं संपलं की म्हातारा अंबाजी प्रत्येक घराला एक विडा देतो. विडा घेतला म्हणजे कबूल. मग त्यावर तोंड उघडायचं नाही. घरचं माणूस आलं नसेल, तर त्याच्या जिवाभावाच्या माणसाने त्याचा विडा उचलायचा आणि घरी नेऊन द्यायचा. तोही कबूलच धरतात.

फळी काढायची, त्या जागेवर पाट्या रचून ठेवायला लोखंडी घोडा वेल्डिंग करून बसवायचा, असं ठरलं. क्रांती उठून म्हणाली, "ठमीमावशीला विचारलं का कुणी?" कान्हा, ठमीचा मुलगा, समुद्रावर होता. सून रचना घरी सासूजवळ. सगळे नीराबाईकडे वळले.

"ठमीचं मी सांगते," नीराबाई म्हणाली. "तिचं नि माझं काय येगळं हाय? ती यायची न्हाय आता. येल तेव्हा चार पोरं उचलून घेतील." आणि तिने हात पुढे करून अंबाजीकडून दोन विडे घेतले. एक तोंडात टाकला, दुसरा पदराच्या गाठीला बांधला.

यात कपट नव्हतं, हे सांगायलाच हवं. ती रोज ठमीच्या नावाने वाटा लावत होती, भाव करत होती, भांडत होती. ठमीच्या वतीने बोलायची तिला इतकी सवय झाली होती की ठमीला स्वतःचं तोंड आहे, हेच ती विसरली. परतताना तिने विडा रचनाच्या हातात दिला. "सासूला दे. बैठकीचा हाय." कशाचा, ते सांगितलं नाही.

फळी धक्क्यावर गेली. तिच्यावरून बर्फाच्या लाद्या होडीत उतरवायला लागले. सगळ्यांची सोय झाली. विडा घरी पोचला म्हणजे ठमीला ठाऊकच आहे, असं वाडीने धरलं. आपल्याच हातात कारभार आला की माणसाला पहिली दिसते ती आपली सोय.

माघात एका सकाळी गाडी थांब्यावर आली, तर तिथे खुर्चीत ठमी. हिरवं लुगडं, अंबाड्यात अबोलीची वेणी, मांडीवर स्वतःची पाटी. शेजारी रचना. वाडीतल्या बायका दारात येऊन बघत होत्या.

तेव्हा कळलं ते असं. पायाला बरं वाटू दे, असं ठमी म्हणत होती, कारण तिला कुणाचा हात न लागता गाडीत चढायचं होतं. कान्हाने मागच्या अंगणात एक जुनं होडीचं फळकूट तिरकं लावून दिलं होतं. दिवाळीपासून ती रोज दुपारी, वाडी झोपलेली असताना, त्यावर खुर्ची चढवत आणि उतरवत होती. पडली, कोपरं सोलवटली, पुन्हा चढली. नीरीला सांगायचं नाही, अशी सुनेला शपथ घातली होती. नीरीला एकदम दाखवायचं होतं.

विपुलने मागचं दार उघडलं. आत घोडा, घोड्यावर पाट्या. फळीच्या जागी नुसत्या बोल्टांच्या खुणा.

विपुल खुर्चीजवळ आला. "मावशी, काय न्हाय, आम्ही उचलून घेतो." दोन-तीन पोरं धावली.

ठमीने चाकावरचा हात उचलला नाही. "मी पाटी हाय काय रे," ती म्हणाली, "उचलून ठेवायला?"

नीराबाई गाडीत खिडकीशी होती. ठमीने वर बघितलं. रागाने नाही, आणि तेच वाईट होतं. "जा गो," ती म्हणाली. "मावरं खराब व्हईल." आणि तिने खुर्ची वळवली. कुणाची मदत न घेता, सफाईने. तेवढ्यातही सगळ्यांना दिसलं, बाईने किती मेहनत घेतली होती ते.

नीराबाई उतरली नाही. गाडी सुटली, ती बाजारात गेली, गोणपाट अंथरलं, ठमीचा वाटा मांडला. तो वाटा तिने विकला नाही. संध्याकाळी मांजरांना घातला.

पुढे तिने काही करायचं बाकी ठेवलं नाही. बैठक देवळातून खाली थांब्यावर आणवली, सोसायटीच्या माणसांशी भांडली, घोडा कापून काढायला लावला. धक्क्यावरची फळी बर्फाने आणि मिठाने गंजली होती, ती घासून रंगवून पुन्हा बसवली. बैल गेला आणि झोपा केला, असं वाडी म्हणाली. तिने ऐकून घेतलं. मग ती ठमीच्या ओटीवर गेली. "फळी बसवली गो. उद्या येतेस?"

ठमीने उशाखालून एक डबी काढली. आत तो विडा होता, वाळून काळा पडलेला. लवंग तशीच टोचलेली. तिने तो नीराबाईच्या हातावर ठेवला.

"मी खाल्ला न्हाय. रचनाला तवाच इचारलं, कशाचा म्हणून. तिला ठाव न्हवतं."

नीराबाई रडायला लागली. ठमीने डबीचं झाकण लावलं.

"त्या दिशी इचारलं असतंस, तर मीच सांगितलं असतं, ठेवा पाट्या, मी खुर्चीपुरती जागा काढीन," ती म्हणाली. "तू इचारलंच न्हायस, नीरे."

श्रावणात नारळी पुनव आली. बाजारात कुणी कुरकुरलं नाही, कारण ठमीनेच रचनाला पाठवून आपला पाट परत मागवला होता. आता तिथे एक वेगळी बाई बसते. भली आहे. पण नीराबाईने भाव सांगितला की ती मध्ये कळवळत नाही, आणि गिऱ्हाईकही पूर्वीसारखं फसत नाही.

गाडी मात्र रोज सकाळी ठमीच्या दारासमोर थांबते. तो थांबा वाडीने ठरवला, आणि त्या बैठकीत ठमीचा विडा दुसऱ्या कुणी उचलला नाही. विपुल उतरून फळी खाली टाकतो. नीराबाई उतरते, उंबऱ्याशी उभी राहते आणि विचारते, "ठमे, येतेस?"

"आज न्हाय गो."

"बरं."

बायका घाई करत नाहीत. फळी वर घेतात, आणि ती जागा रिकामी ठेवून गाडी बाजाराला निघते.