सपाट देशातले गुडघे

गेल्या रविवारी सकाळी डीमन या डच गावातल्या आमच्या बिल्डिंगच्या जिन्यात मी कणीक पाठीवर घेऊन उभी होते. म्हणजे सॅकमध्ये कणकेची मोठी पिशवी, वर पाण्याच्या बाटल्या... आणि धाप लागलेली.

मी इथे एकटीच राहते, वय चौपन्न. ऑफिस शहरात झुइडासला, म्हणजे नुसत्या ऑफिसांच्या उंच इमारतींच्या भागात, पण निम्मे दिवस घरूनच काम. बिल्डिंगला लिफ्ट असल्यामुळे जिन्याकडे कोणी फिरकत नाही. एकदा खालच्या मजल्यावरच्या आजोबांनी दार उघडून काळजीने विचारलं, लिफ्ट बंद आहे का? नाही म्हटल्यावर त्यांनी मान हलवून दार लावून घेतलं... त्या आठवड्यातलं माझं ऑफिसबाहेरचं तेवढंच संभाषण.

तर जिना कशाला? कारण या देशात चढ नाही. सायकलने कॅनॉलवरचा पूल ओलांडला की इथली माणसं त्यालाच चढ म्हणतात! आणि मला जानेवारीत राजगड ते तोरणा चालत जायचं होतं. कॉलेजपासूनचा आमचा चौघांचा ट्रेकचा ग्रुप आहे, मी पुण्याला गेले की एक किल्ला ठरलेला. वर्षभर मी स्क्रीनसमोर बसते ती त्या दोन दिवसांच्या भरवशावर.

मागच्या खेपेला गुडघ्यांनी दगा दिला. चढताना काही नाही, पण उतरताना पावलागणिक कळ... इथे परतल्यावर हाउसआर्ट्सकडे, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे गेले. त्यांनी इथल्या रिवाजाप्रमाणे पॅरासिटामॉल घ्यायला सांगितलं. मी हटून बसले तेव्हा कुठे फिजिओचा विषय निघाला.

फिजिओ माझ्या भाचीच्या वयाची. तिचं म्हणणं, गुडघ्यांना जपत बसू नका, मांड्या बळकट करा. आधी खुर्चीवरून हात न टेकता उठायचं आणि सावकाश बसायचं. मग एका पायावर पायरीच्या कडेला उभं राहून दुसरी टाच हळूहळू खाली टेकवायची. ते जमलं की जिना, आणि मग ओझं घेऊन जिना.

सगळा उन्हाळा मी हेच केलं. ग्रुपवर मात्र चकार शब्द काढला नाही. "माझे गुडघे गेले" हे रडगाणं मागेच गाऊन झालं होतं, आता तोरण्यावरून ताठ मानेने उतरून दाखवायचं होतं... आणि नाहीच जमलं तर हसं नको, हेही होतंच. पुणेरी स्वभाव, दुसरं काय!

तर त्या रविवारी जिन्यातच फोन वाजला. शुभांगी, ग्रुपमधली माझी सगळ्यात जुनी मैत्रीण. भलत्याच उत्साहात म्हणाली, "अगं, तुझ्या गुडघ्यांचा विचार करून आम्ही प्लॅन बदललाय. पानशेतला फार्महाऊस बुक केलंय. गाडी थेट दारापर्यंत जाते!"

मी "छान केलंत" म्हणाले आणि फोन ठेवला. मग तिथेच पायरीवर बसून रडले. चांगली मोठ्याने रडले, ऐकायला होतं कोण? त्या तिघांनी मला न विचारता माझं ठरवून टाकलं होतं... आणि मी इथे कणीक पाठीवर घेऊन कोणासाठी चढत होते, तेच कळेना. इतकं एकटं मला इथे आल्यापासून कधी वाटलं नव्हतं.

नंतर राग आला. रागातच पुन्हा फोन लावला आणि सगळं बोलून टाकलं... जिना, कणीक, टाच, सगळं.

"तुझं फक्त नाव पुढे केलं गं," शुभांगी हळूच म्हणाली. "माझेच गुडघे गेलेत. घरातला जिनासुद्धा कठडा धरून, तिरकी होऊन उतरते... बाकीच्यांना सांगायची लाज वाटली."

मी म्हटलं, "एक खुर्ची घे. हात न टेकता ऊठ बघू."

खुर्ची ओढल्याचा आवाज आला, मग बराच वेळ नुसता श्वास... "नाही जमत गं." मी म्हटलं, खुर्चीवर उशी ठेव, बैठक जरा उंच होईल. दोन उशा ठेवल्यावर जमलं. एकदाच जमलं, पण जमलं.

आता रोज माझ्या सकाळी आणि तिच्या दुपारी आमचा फोन स्पीकरवर असतो. ती उठबस करते, मला शिव्या घालते. तेवढा वेळ घरात कोणाचा तरी आवाज असतो... फोन ठेवला की पुन्हा सगळं सामसूम होतं, ते काही बदललेलं नाही.

या जानेवारीत राजगड-तोरणा होणार नाही. गावातला वाटाड्या घेऊन मी एकटी जाऊ शकते, गुडघे तयार आहेत... पण नको. आमच्या ग्रुपचा एक नियम आहे. जो सगळ्यात हळू चालतो, त्याच्या मागे एकाने राहायचं, त्याला कधी शेवटचा होऊ द्यायचं नाही. इतकी वर्षं माझ्या मागे शुभांगी राहिली.

पुढच्या वर्षी मी राहीन.