कढई न चढलेला रविवार

आता कुठून सुरुवात करू, सांगा? हसायचं तर पोटभर हसा, माझी हरकत नाही, पण चहा थंड व्हायच्या आत हसून घ्या. शेवटी शेवटी हा किस्सा मलाच जड जातो. माझ्या हातून सख्ख्या बहिणीचं जमलेलं लग्न मोडलं, आणि कशाने? तर मुगाच्या खिचडीने.

घराघरांत फोन यायचे होते तेव्हाची गोष्ट. आम्ही धुळ्याला, देवपुरात राहायचो. मी एका कचेरीत कारकून. त्या हिवाळ्यात आमच्या गल्लीमागच्या शाळेत एका म्हाताऱ्या वैद्यांनी संध्याकाळचा वर्ग काढला. दहा दिवसांत आयुर्वेदाची तोंडओळख. वात, पित्त, कफ. कोणी काय खावं, कधी खावं, किती खावं. वैद्य भला माणूस. पहिल्याच दिवशी म्हणाले, "नवशिक्यांनी आधी स्वतःचं ताट बघा. दुसऱ्याच्या ताटात डोकवायची घाई नको."

मी चार दिवस गेलो. पाचव्या दिवशी मला वाटलं, आता आपल्याला बऱ्यापैकी कळलंय.

घरात एकेकाची नाडी धरायला लागलो. आबा, म्हणजे माझे वडील, पित्ताचे ठरले. आई वाताची. धाकटी बहीण सुनंदा, तिला तर मी दारातून बघूनच कफाची ठरवली. मग घरातून मिरची गेली, शेंगदाणे गेले, तेल गेलं. ऐन हिवाळ्यात सगळा खान्देश वांगी भाजत असतो, आणि आमच्याकडे भरीत बंद! सकाळी मुगाचं कढण, संध्याकाळी मुगाची खिचडी, तीही बिनफोडणीची. आबांच्या डोक्यात रोज तेल जिरवायचं म्हणून मी त्यांना गोटा करायला लावला. आणि डोळ्यांचं तेज वाढावं म्हणून बैठकीच्या कोपऱ्यात जमिनीवर एक दिवा लावून ठेवला. त्याच्याकडे सगळ्यांनी टक लावून बघत बसायचं.

आबा गरीब स्वभावाचे. एवढंच म्हणाले, "पोरगा काहीतरी शिकून आलाय. आठ दिवस बघू."

आणि नेमके आठव्या दिवशी, रविवारी, चाळीसगावचे पाहुणे यायचे होते. सुनंदाच्या स्थळाचे. मुलगा शाळामास्तर. एका लग्नात दोघांची ओळख झाली होती, आणि तेव्हापासून आमची सुनंदा आरशासमोर जरा जास्तच रेंगाळायची. पसंती दोन्हीकडून झालेली. मुलाचे वडील आणि आत्या येणार, जेवणार, सुपारी फोडणार, एवढंच बाकी होतं.

सकाळी आई वांगी भाजायला घेणार, तर मी टोपलीच उचलून माळ्यावर ठेवली.

"अरे, पाहुणे येताहेत," आई म्हणाली. "त्यांना काय मूग वाढू?"

"त्यांनाही पोट आहेच ना? पहिल्याच दिवशी कळू दे, या घरात विचार करून खातात."

सुनंदा आतून आली. हळूच म्हणाली, "दादा, निदान पापड तरी तळू दे रे. चारच पापड."

"तळण नको म्हणजे नको," मी म्हणालो.

ते चार पापड मला अजून आठवतात.

तुम्हाला काय सांगायचं, घरात कोणी गेलं की कढई चढत नाही. तळण नाही, फोडणी नाही, गोडधोड नाही. हे मला माहीत नव्हतं का? लहानपणापासून बघत आलो होतो. पण डोक्यात नवीन विद्या शिरली की जुनं बाहेर पडतं की काय, कोण जाणे. पाहुणे आले. समोर आबा, तुळतुळीत गोटा केलेले. कोपऱ्यात जमिनीवर दिवा. ताटात फिकी खिचडी आणि पातळ ताक. पापड नाही, लोणचं नाही, शिरा नाही. आणि आठ दिवस मूग खाऊन सगळ्या घराचे चेहरे उतरलेले.

आत्याबाईंनी दिव्याकडे बघितलं, मग आबांच्या डोक्याकडे, मग ताटाकडे. त्यांचं बोलणंच थांबलं. मला वाटलं, छाप पडली.

जेवणं झाल्यावर आईने सुपारीचं तबक पुढे केलं. आत्याबाई तिचा हात धरून म्हणाल्या, "आज राहू द्या. अशा वेळी नको." आईला वाटलं, मुहूर्ताचं काही असेल. पाहुणे निघून गेले. सुनंदा दाराआड उभी होती, ती बराच वेळ तिथेच उभी राहिली.

आणि मी? खरं सांगू? मला भूक लागली होती. आठ दिवसांची. सायकल काढली, पांझरेचा पूल ओलांडला आणि थेट स्टँडजवळच्या हॉटेलात जाऊन शेवभाजी मागवली. लालभडक तर्री, वर बोटभर तेल. पहिला घास घेतला आणि डोळे आपोआप मिटले. दुसरा घेतला आणि खांद्यावर हात पडला.

मुलाचे वडील! मागच्याच बाकावर, आत्याबाईंसकट. त्यांच्याही पुढ्यात शेवभाजी. आमच्याकडून अर्धपोटीच उठले होते बिचारे.

मला असा ठसका लागला की नाकातोंडातून तर्री आणि डोळ्यांतून धारा.

"रडू नका हो," ते म्हणाले. "आमच्या लक्षात आलं होतं. विचारायचं कसं म्हणून गप्प बसलो. कोण गेलं?"

एका वाक्यात मिटत होतं, बघा. कोणी गेलं नाही, मी शहाणपणा केला, बस्स. पण मग पुढ्यातल्या या ताटाचं काय? घरच्यांना मूग आणि स्वतः स्टँडवर शेवभाजी, हे कुठल्या तोंडाने सांगणार?

"चुलते," मी म्हणालो.

आत्याबाईंनाही भरून आलं. "घरात घास उतरत नसेल ना, बाळा? खा. पोटभर खा." त्या माउलीने माझ्यासाठी आणखी एक भाकरी मागवली. आणि मी ती खाल्ली.

पुढचे पंधरा दिवस सुनंदा पोस्टमनची वाट बघत होती. मला सगळं माहीत होतं. रोज ठरवायचो, आज चाळीसगावला जाऊन खरं सांगून येतो. रोज वाटायचं, उद्या जाऊ. मग कार्ड आलं. आबा मोठ्याने वाचायला लागले. शेजारी नाना बशीतून चहा पीत बसलेले. नाना म्हणजे आबांचे धाकटे भाऊ, माझे एकुलते एक चुलते.

'आपल्या बंधूंचं निधन झाल्याचं आपल्या चिरंजीवांकडून कळलं. आता वर्षभर आपल्याकडे कार्य होणार नाही, आणि आमच्या आईची तब्येत पाहता आम्हाला थांबता येत नाही. तरी मुलाचं दुसरीकडे ठरवलं आहे.'

नानांनी बशी खाली ठेवली. ते कायम अहिराणीच बोलायचे. "मी कव्हय मरनू रे?" त्यांनी मला विचारलं. "माले कोणी सांगं बी नही."

आईला हसू आलं. मग तिने सुनंदाकडे बघितलं आणि तोंडाला पदर लावला. आबा दुपारच्याच गाडीने चाळीसगावला गेले. तिकडे सुपारी फुटून तीन दिवस झाले होते. हॉटेलातली शेवभाजी, माझा ठसका, सगळं सांगून आत्याबाई आबांसमोर रडल्या म्हणे. आबा रिकाम्या हातांनी परत आले.

मी वैद्यांकडे गेलो. कोणावर तरी राग काढायचा होता ना. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "पाचव्या दिवशी का आला नाहीत?" ते म्हणाले. "पाचव्या दिवशी हिवाळ्याचाच विषय होता. थंडीत भूक दांडगी असते. तेल, तूप, भरीत, भाकरी, सगळं पचतं. आणि ताटात सहाही चवी लागतात."

"पापडसुद्धा?"

"एखादा पापड खाऊन कोणी मरत नाही हो."

सुनंदा वर्षभर माझ्याशी बोलली नाही. पुढे तिला यावलला दिली. केळीच्या बागा, नवरा सालस, संसार चांगला झाला. हळूहळू तिनेच त्या गोष्टीची थट्टा करून टाकली. मी गेलो की आधी चार पापड तळून माझ्या ताटात ठेवायची आणि विचारायची, "दादा, नाना आहेत ना?" सगळे हसायचे. मीही हसायचो. पण चारातले दोन पापड दर वेळी ताटातच राहायचे.

नाना खरोखर गेले ते त्यानंतर सात-आठ वर्षांनी, अशाच हिवाळ्यात, सकाळी. मी कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथमधून यावलला फोन लावला.

"सुनंदा, नाना गेले गं."

ती हसली. "कुठल्या हॉटेलातून बोलतोयस?"

मी सांगायला गेलो, पण आवाजच फुटेना. डोळ्यांतून पाणी, नाक वाहतंय, हुंदक्यावर हुंदका. बूथवाला काचेतून माझ्याकडे बघत होता.

"हळू खा रे, दादा," सुनंदा तिकडून म्हणाली. "पाणी पी जरा. ठसका लागलाय तुला."