जाळीपलीकडचे चिकनवाले

"म्हणजे इतके दिवस तू आम्हाला कोंबड्या समजत होतीस?" नवरा ओरडला.

"कोंबड्या लवकर शिकतात," सासूबाई म्हणाल्या. "तुम्हाला तीन आठवडे लागले."

"आई, विषय बदलू नकोस," नणंद म्हणाली. ती खास या भांडणासाठी रजा टाकून आली होती. "चिकनवाला! दुसरं कुणी मिळालं नाही तुला?"

"मी शोधायला कुठे गेले होते? ते पिंजरा घेऊन आले."

मी चहा गाळत होते. भांडणात चहा करणारीला कुणी बाजू विचारत नाही, म्हणून ते काम मी आपणहून घेतलं होतं.

सासूबाईंनी उभा जन्म सरकारी इस्पितळात काढला. वॉर्डातल्या आया म्हणून लागल्या आणि आया म्हणूनच निवृत्त झाल्या. पण मधल्या काळात किती डॉक्टर त्यांच्या धाकाने हात धुवायला शिकले, याची गणती नाही. निवृत्त झाल्यावर त्यांनी आमच्या घराचा वॉर्ड केला. चादरीचा कोपरा दुमडायची पद्धत ठरली, पाहुण्यांना भेटीची वेळ ठरली. नवरा शिंकला की त्याच्या तोंडात थर्मामीटर. माझ्या डाळीच्या डब्यांवर औषधाच्या बाटल्यांसारख्या चिठ्ठ्या आल्या. शेवटी गावाबाहेरच्या आश्रयघराची जाहिरात मीच त्यांच्या पुढ्यात ठेवली. तिथे सोडवून आणलेल्या कोंबड्या सांभाळायला माणसं हवी होती. भूतदया वगैरे काही नाही, मला माझं स्वयंपाकघर परत हवं होतं.

पहिल्या दिवशी त्या आल्या त्या गप्पच. जेवताना म्हणाल्या, "एक कोंबडी आहे. अंड्यांच्या कारखान्यातली. अंगावर पीस नाही. पिंजऱ्याचं दार उघडलं, तर दिवसभर दारातच उभी. पुढे जमीन असते हे तिला ठाऊकच नव्हतं."

"मीठ दे जरा," नवरा म्हणाला.

दुसऱ्या दिवसापासून त्यांचा आवाज परत आला. "खाट नंबर चारला जुलाब होतायत," हे त्या आमटी वाढतावाढता सांगत. घरात चिकन शिजणं बंद झालं. नवऱ्याला दर रविवारी ऑफिसात तातडीचं काम निघू लागलं, आणि तो घरी यायचा तेव्हा त्याच्या बोटांना लिंबाचा वास असायचा.

आश्रयघरात कोंबडे फार. अंडी द्यायची नाहीत आणि पहाटेपासून आरडाओरडा करायचा, म्हणून लोक त्यांना तिथे आणून सोडतात. अशी सोय माणसांसाठी नाही, याची मला अधूनमधून हळहळ वाटते. त्यातला दांडगा तो इन्स्पेक्टर. कुणीही नवीन आलं की हा तुरा ताठ करून अंगावर धावणार.

"म्हणून नवा पक्षी एकदम आत सोडायचा नाही," सासूबाईंनी आम्हाला शिकवलं होतं. आम्ही विचारलं नव्हतं. "आधी जाळीपलीकडे ठेवायचा. एकमेकांना बघू दे, फुगू दे, पण टोचता येता कामा नये. मग जाळीच्या दोन्ही बाजूंना दाणे टाकायचे. शेजारी शेजारी खाल्लं की निम्मं वैर संपतं."

"आणि तरी टोचलं तर?" मी विचारलं होतं.

"तर नव्याला नाही, टोचणाऱ्याला बाहेर काढायचं. चार दिवस लांब ठेवायचं. तेवढ्यात बाकीच्यांची घडी बसते. तो परत येतो तेव्हा नवा तोच असतो. इन्स्पेक्टर आला तो मान खाली घालून. कोपऱ्यातली जागा मिळाली, तीसुद्धा गुपचूप घेतली."

चिकनवाल्यांचं दुकान आमच्याच रस्त्यावर होतं. रस्ता रुंद झाला, दुकान गेलं, वरची खोलीही गेली, आणि ते पुतण्याच्या घरी बाहेरच्या खोलीत झोपू लागले. शेवटच्या पिंजऱ्यात काही कोंबड्या उरल्या होत्या. गिऱ्हाईक नव्हतं, सुरी होती. पण जन्मभर न थांबलेला हात त्या दिवशी उचलेना, असं ते सांगतात. पिंजरा सायकलला बांधून ते थेट आश्रयघराच्या फाटकात उभे राहिले. तिथल्या व्यवस्थापक बाईंनी कोंबड्या घेतल्या आणि माणसाला हात जोडले.

सासूबाई म्हणाल्या, "त्यांनाही बसू दे. बाहेर, जाळीपाशी."

ते रोज येऊन स्टुलावर बसू लागले. आतून त्या दाणे टाकायच्या, बाहेरून ते. इन्स्पेक्टरने आधी जाळीवर झेपा घेतल्या, मग नुसतं रोखून बघितलं आणि शेवटी एका दुपारी जाळीखालून मान काढून त्यांच्या चपलेवर टेकवली आणि झोपला. चिकनवाले तासभर पाय न हलवता बसून राहिले. पायाला मुंग्या आल्या, सासूबाईंना ते आवडलं, आणि पुढचं सगळं तिथूनच सुरू झालं असावं.

आमच्या मागच्या गॅलरीला डासांच्या जाळीचं दार आहे. एका संध्याकाळी चिकनवाले मागच्या फाटकाने आले, गॅलरीतला नळ दुरुस्त केला आणि तिथेच खुर्चीवर बसले. सासूबाईंनी दाराला आतून कडी घातली. म्हणाल्या, "डास येतात." मग ते रोज येऊ लागले. नवरा पहिले काही दिवस आतून गुरगुरला. मग चहाची वेळ तीच असल्याने दारापाशी बसू लागला. जाळीच्या या बाजूला एक बिस्किटांची बशी, त्या बाजूला एक. दोघं नगरपालिकेला शिव्या घालू लागले. मला काहीच खटकलं नाही, कारण चिकनवाल्यांनी माझ्या सगळ्या सुऱ्यांना धार लावून दिली होती. इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझा टोमॅटो चिरला गेला, चेंगरला नाही.

काल बस बंद होत्या, म्हणून नवरा आईला आणायला आश्रयघरात गेला. व्यवस्थापक बाईंनी कौतुकाने त्याला नव्या पक्ष्यांचा कोपरा दाखवला. जाळी, आणि दोन्ही बाजूंना एकेक बशी. नवरा त्या बश्यांकडे बराच वेळ बघत राहिला. गाडीत त्याने विचारलं, आणि सासूबाईंनी सांगून टाकलं: लग्न करणार, आणि ते इथेच राहायला येणार.

घरी येऊन त्याने आधी बहिणीला फोन लावला.

"लोक काय म्हणतील?" तो आता विचारत होता. "बोकड काप, कोंबडी काप, हेच केलंय त्याने आयुष्यभर!"

"बोकड नाही, फक्त कोंबडी. आणि कापली कुणासाठी? ते सांगत होते, तुमचे चिरंजीव तंगड्या निवडून घ्यायचे, वर एक फुकट मागायचे."

नवरा माझ्याकडे बघू लागला. मी साखर ढवळत होते.

"पण आई, या वयात?" नणंदेचा आवाज जरा खाली आला होता.

"त्या वयात झालं तेव्हा मला कुणी विचारलं नव्हतं. तुझे वडील वाईट नव्हते, पण निवडून आणलेले माझ्या काकांनी. आता मला विचारायला मीच आहे, तर विचारलं."

नणंद बशीतलं बिस्किट उचलून खाऊ लागली.

"ताई, तूसुद्धा?" नवरा उसळला. "मी सांगून ठेवतो, तो माणूस या घरात पाऊल टाकेल त्या दिवशी मी त्याच्याशी एक शब्द बोलणार नाही! रोज बोलणार, पण असं बोलेन की आपणहून निघून जाईल!"

"यातलं एक काय ते ठरव," मी म्हटलं. तेवढंच बोलले.

सासूबाईंनी मुलाकडे नीट पाहिलं. मान ताठ, चेहरा लाल, केस कपाळावर उभे. वॉर्डात नाडी बघताना बघायच्या तशा त्या बघत राहिल्या. मग उठल्या, कपाटावरची त्याची प्रवासाची बॅग काढली आणि त्याचे शर्ट इस्पितळातल्या चादरींसारखे काटेकोर घडी घालून तिच्यात भरायला लागल्या.

"हे काय?" नवरा म्हणाला.

"हे रविवारी सकाळी येतील," सासूबाई म्हणाल्या. "आल्यापासून जाळीचं दार उघडंच राहील. तू आज संध्याकाळी ताईबरोबर तिच्याकडे जातोस, चार दिवस राहतोस आणि सोमवारी येतोस. टूथब्रश बाहेरच्या कप्प्यात आहे."